एका मात्रेचं शुद्धिपत्र

फोन आला तेव्हा मी फलटणला एका लग्नाच्या पंगतीत आदूला मार खायला लावत होतो. म्हणजे गोष्टीत. गेली काही वर्षं मला कुठल्याही पंगतीत बसवलं की जिलबी यायच्या आत लोक ती गोष्ट मागतात, आणि मीही फारसे आढेवेढे घेत नाही. आधी आवाज बारीक करतो, मग एकदम चढवतो, हातातल्या पुरीचा माईक करतो, पापडाचा दगड करतो. त्या दिवशीही मी बरोबर पहिल्या दगडापर्यंत आलो होतो. समोरचे पाहुणे घास हातात धरून थांबले होते, वाढपी आमटीची बादली खाली टेकवून उभा होता... आणि खिशात फोन थरथरला. सुनंदावहिनी, आदूची बायको. "भावजी, ह्यांना ट्रॉलीनं उडवलं." एवढंच. मागे कुणीतरी रडत होतं. मी फोन कानाला लावून उभा, हातात पापड तसाच, आणि एक पाहुणा म्हणतोय, "व्हय, पण फुडं काय झालं? दगूड लागला का न्हाई?"

पुढे झालं ते असं. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या, वर गाणी ठणाणा लावलेला ट्रॅक्टर, उतार, आणि ब्रेक असून नसल्यासारखे. आदू स्कूटर बाजूला लावून, रस्त्याकडे पाठ करून, रुंदीकरणासाठी फोडलेल्या कड्यातले थर बघत उभा होता. ट्रॉली डावीकडून आली. त्याला कड्यावर चेचून ती उलटली आणि टनभर ऊस त्याच्यावर पडला. लोकांनी मोळ्या ओढून काढल्या तेव्हा त्याचा एक हात खडकावर टेकलेला होता, डॉक्टरांनी पोटावर हात ठेवावा तसा. हे मी पाहिलेलं नाही. पाहणाऱ्यानं सांगितलं, आणि मी लगेच मनातल्या मनात ते नीट सांगायला बसवायला लागलो. माझा स्वभावच तो. माणूस गेला, आणि हा शब्द जुळवतोय!

तर ती पंगतीतली गोष्ट. तिच्यात एक ठिकाणी मी खोटं बोलत आलोय. आदू होता तोवर ते खपून गेलं. आता तो नाही, तेव्हा ती गोष्ट एकदा खरी सांगावी म्हणून हा लेख. माझा कुपवाडला छापखाना आहे. चूक छापली तर शुद्धिपत्र काढायचं, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. मी फक्त थोडा उशीर केलाय.

आदगोंडा मगदूम, आमचा आदू, सांगलीजवळच्या शेतकरी जैन घरातला. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. हा सडपातळ मुलगा कॉटवर बसण्याआधी मऊ फडक्यानं गादी झटकायचा, मुंगी असली तर कागदावर घेऊन खिडकीत सोडायचा, आणि सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळा व्हायचा. मी त्याच्या बरोबर उलट. एकदा मेसमध्ये कशावरून तरी बाचाबाची झाली आणि मी एकाच्या डोक्यात आमटीचं पातेलं घातलं. त्याचे चौघे दोस्त सायकलची चेन घेऊन खोलीवर आले. मी कॉटखाली. आदू दारात. चेन त्याच्या खांद्यावर बसली, शर्ट फाटला, मांस उघडं पडलं. रेक्टरनी विचारलं, "कुणी मारलं?" तर हा म्हणाला, "जिन्यावरून पडलो." जिन्यावरून पडल्यावर पाठीवर कड्यांची नक्षी कशी उठते ते रेक्टरनी विचारलं नाही. मला मात्र तेव्हाच कळलं होतं, की हा माणूस आपल्या वाटचा मार खाऊ शकतो. असलं ज्ञान फार वाईट. त्याची सवय लागते.

पुढे तो भूगर्भशास्त्रज्ञ झाला. मी त्याला दगडांचा डॉक्टर म्हणायचो. देशात जमिनीखाली एक प्रचंड वेधशाळा बांधायचं घाटत होतं, त्यासाठी डोंगर शोधणाऱ्या तुकडीत त्याची निवड झाली, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर हा माझ्या छापखान्यात नाचत आला. "विन्या, आपल्या साताऱ्याचा डोंगर यादीत आला!" मी विचारलं, वेधशाळा तर डोंगरावर असते, तुम्ही पोटात कशाला जाताय? मग त्यानं मला न्यूट्रिनो समजावला. कागदाच्या रिमवर बसून, चहा गार होऊ देत. म्हणाला, "सूर्यातून निघतात, ताऱ्यांतून निघतात. आत्ता ह्या क्षणी तुझ्या नखातून कोट्यवधी जाताहेत. तुला कळलं? नाही. कुणाला धक्का नाही, कुणाला इजा नाही. भिंतीतून, डोंगरातून, अख्ख्या पृथ्वीतून जातो आणि वाटेत मुंगी मारत नाही. विश्वातला एकमेव पक्का जैन आहे बघ तो." मग डोंगर कशाला? "जत्रेत डासाची गुणगुण ऐकायची असेल तर आधी जत्रा बंद करायला नको? आकाशातून बाकीच्या कणांचा नुसता दंगा चालू असतो. डोंगर म्हणजे बंद दार. दंगा बाहेर राहतो, हा एकटा आत येतो. तिथं लोखंडाच्या थरांची मोठी चळत रचायची आणि वाट बघायची." त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पाहिलं नाही याला कारण मीच... पण ते येईल.

गंमत अशी, की ह्या अहिंसक पाहुण्यासाठी खोली करायची तर डोंगर फोडायला हवा. रहिमतपूरच्या पुढे, आडबाजूला, एका गावाच्या वरच्या अंगाला चाचणीचं काम सुरू झालं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लग्नपत्रिका अजून माझ्याकडे येतात. यंत्रानं खोल भोकं पाडून आतल्या खडकाचे लांब, गोल तुकडे काढायचे, ते लाकडी खोक्यांत ओळीनं ठेवायचे. हाताच्या मनगटाएवढ्या जाडीचे, काळेभोर, दिसायला देखणे. त्यांना ते गाभे म्हणतात. आणि काही ठिकाणी सुरुंग. सुरुंगाच्या दिवशी मी मुद्दाम जायचो. आधी आदूचा सोहळा. तीन वेळा शिट्टी फुंकत तो अख्खी जागा फिरायचा. कपारीत आग्या मोहोळ असलं तर काम पुढे ढकलायचा, कबुतरं असली तर फटाके लावून उडवायचा, आणि शेवटी वायरजवळ येऊन, डोंगराकडे बघून, हात जोडून म्हणायचा, "उत्तम क्षमा." मग बटण. मग जे व्हायचं! पायांखालची जमीन झटका देऊन वर यायची, छातीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं व्हायचं, डोंगराचं तोंड फुटायचं, घरंगळत, आदळत, एकमेकांचे तुकडे पाडत दगड खाली यायचे आणि धूळ अंगावर धावून यायची. मी टाळ्या पिटायचो. आदू डोळे मिटून उभा असायचा. एकदा म्हणाला, "हसतोस काय गड्या, साडेसहा कोटी वर्षं गप पडून होता तो. आपण आज त्याला मारला."

गावाला सगळं समजावून सांगायला ग्रामसभा ठरली. तिची जाहीर सूचना माझ्याकडे छापायला आली. वर ठळक मथळा: भूमिगत वेधशाळा. मजकूर त्यांनी एका फॉन्टमध्ये पाठवलेला, माझ्या यंत्रावर दुसरा. मराठी छपाईत ज्यांनी आयुष्य घालवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. फॉन्ट बदलला की मात्रा, रफार, अनुस्वार वाऱ्यावर जातात. मथळ्यातल्या व वरची मात्रा गेली. वेधशाळेची वधशाळा झाली.

गोष्टीत मी इथे म्हणतो, "आणि आमच्या आदगोंडासाहेबांनी काय केलं? चष्मा पुसला, प्रूफ वाचलं, आणि झोकात सही ठोकली!" इथे हमखास हशा येतो.

हेच ते खोटं. आदूनं प्रूफ वाचलं आणि मात्रा धरली. लाल पेनानं, ठसठशीत. समासात लिहिलंही, "विन्या, एवढी मात्रा सांभाळ, नाहीतर मार खाऊ." मी हसलो, मात्रा घातली, फाइल जपून ठेवली... आणि प्लेट काढताना जुनीच फाइल उघडली. एकीचं नाव होतं 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवीन'. चूक कुणा कामगाराची नाही. माझा हात, माझं बोट.

गठ्ठा मीच गावात नेऊन दिला. सूचना चिकटल्या, कुणीतरी फोटो काढला, आणि दोन दिवसांत तो फोनाफोनांवरून पंचक्रोशीत फिरला. आदू तेव्हा डोंगरावर भोकं पाडत होता. त्याला पत्ता नाही, आणि कुपवाडात मलाही. गावाला मात्र आता एकेक गोष्ट उलगडायला लागली. डोंगर का फोडताहेत, माहितीपुस्तिकेत लोखंडाचे थर आणि ते उचलायचे आकड्यांचे पाळणे कशाला दाखवलेत, साहेब लोक एवढे गोड का बोलतात. सगळं जुळलं.

सभा सकाळी, देवळासमोरच्या पटांगणात. आदूनं गाभ्यांची खोकी टेबलावर मांडली होती, लोकांनी खडक हाताळून बघावा म्हणून. मी चहाच्या आशेनं आलेलो. समोर पहिल्या रांगेत सुभेदार आबा, फौजेतून निवृत्त, छाती पिंपाएवढी. गावातली पिठाची गिरणी त्यांची. ते उभे राहिले.

"दिसाला किती धरनार?"

आदू खूश झाला. पहिलाच प्रश्न इतका नेमका! माईकवर म्हणाला, "फार नाही हो आबा. येतील कोट्यवधी, पण हाताला लागले तर दोन-तीन. बाकीचे सगळे सुखरूप निघून जाणार."

"आन जे लागतील त्येंचं?"

"ते तिथंच संपतात. पण जाताना खूण ठेवून जातात. आम्हाला ती खूणच पाहिजे."

"कातडं," मागून एक म्हातारी म्हणाली.

"आवाज भायेर येनार न्हाई म्हंत्यात," आबा.

"जराही नाही! म्हणून तर डोंगराच्या पोटात. आत काय चाललंय ते बाहेर कळणारसुद्धा नाही."

 आबांचा आवाज आता खाली आला होता. "साहेब, तुमी जैन न्हवं?"

"हो."

"मग तुमाला कायच वाटत न्हाई?"

आणि माझा आदू, देवा, छातीवर हात ठेवून म्हणाला, "उलट आबा, जैन आहे म्हणून तर हे काम मला इतकं आवडतं."

पहिला दगड माईकवर बसला. दुसरा त्याच्या डाव्या कानावर. मग मोजदाद संपली. टेबल उलटलं, खुर्च्या हवेत गेल्या, बायका चपला काढून धावल्या. दगड कमी पडले तेव्हा लोकांनी त्याच्याच खोक्यांतले गाभे उचलले. गोल, लांब, हातात मुठीसारखे बसणारे. पुढ्यात इतकं सोयीचं हत्यार कुणी मांडून ठेवलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. आबांनी त्यातल्याच एकानं त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला. तो आवाज मला माहीत आहे, ऊस मोडल्याचा. पलीकडे तरण्या पोरांनी जीप ढकलत ओढ्याच्या कड्यापर्यंत नेली, खाली लोटली, आणि वरून पेटता बोळा टाकला.

आणि मी? गोष्टीत मी त्याला वाचवायला धावतो. खरं तर मी गिरणीत शिरलो आणि पिठाच्या पोत्यांमागे बसलो, नखशिखांत पांढरा. दाराची एक फळी अर्धी उघडी होती. तिच्यावर माझी सूचना चिकटवलेली. ती मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली.  दहा पावलांवर आदू मातीत पडलेला, कानातून रक्त गळ्यावर आलेलं, आणि आबा त्याची कॉलर धरून त्याला फरफटत त्याच फळीकडे आणताहेत. "वाच! वाच की रं! काय लिवलंय? वधशाळा! जैन हायस आन कत्तलखाना काडतूस?"

आदूनं मथळा वाचला. एकदाच. मग त्याची नजर फळीच्या कडेवरून आत आली. पिठात दोन डोळे... त्यानं मला पाहिलं. 

"कुनी छापलं हे? कुटं हाय त्यो प्रेसवाला?" आबा ओरडले.

"छापणाऱ्याची चूक नाही," आदू म्हणाला. दात रक्तानं लाल. "प्रूफ मी वाचलं. मात्रा माझ्याकडून राहिली. हा शब्द वेधशाळा आहे आबा. आकाश बघायची जागा. इथं कुणी कुणाला मारणार नाही."

आबांनी कॉलर सोडली. त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते तिथेच मातीत बसले. आदूनं खिसा चाचपला, लाल पेन काढलं, आणि उजवा हात लोंबकळत असताना डाव्या हातानं त्या व वर मात्रा काढली. मग तो कोसळला.

पुढचं थोडक्यात. जिवावर बेतल्यावर काम थांबलं. चौकशी बसली, आदूनं तिथेही तेच सांगितलं, "प्रूफ माझ्या हातून गेलं." तुकडीतून त्याचं नाव कमी झालं, यादीतून आपला डोंगर गेला. त्या लाल मात्रेचं प्रूफ माझ्या टेबलावर होतं. एक कागद नेऊन दाखवायचा, बस. मी तो कटिंग मशीनखालच्या चिंध्यांत टाकला आणि रद्दीवाला येईपर्यंत तिकडे पाहिलं नाही. आणि मग मी गोष्ट सांगायला लागलो. आधी एकदा, कुणीतरी विचारलं म्हणून. ती रंगली. मग रंगतच गेली. आदू समोर असतानाही मी ती सांगितलीय. तो हसायचा, बरा कान माझ्याकडे करून.

भाद्रपदातलं त्यांचं पर्व संपलं की तो दर वर्षी छापखान्यात यायचा. दारात चपला काढून हात जोडायचा, "उत्तम क्षमा. वर्षभरात माझ्याकडून मन दुखावलं असेल तर माफ कर." समोरच्यानंही तेच उलट म्हणायचं, अशी त्यांची रीत. मी म्हणायचो, "जा, केलं माफ! पुढच्या वर्षी नवीन गुन्हे घेऊन ये." परवाच्या भाद्रपदात तो हात जोडून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभा राहिला. म्हणाला, "तुझ्याकडं काय न्हाई का रं?" मी म्हटलं, "आहे ना, चहा." तो हसला. चहा प्याला. गेला. ती शेवटची भेट.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी वहिनींकडे बसलो होतो. त्या चहा देऊन बसल्या. एकदम म्हणाल्या, "ट्रॉली त्या कानाच्या बाजूनं आली ना... गाणी एवढी मोठ्यानं लागलेली म्हणतात, पण ह्यांना कुठलं ऐकू येतंय."  त्या पुढे म्हणाल्या, "तुमची ती गोष्ट ह्यांना लय आवडायची भावजी. घरी आले की म्हणायचे, विन्या छान सांगतो. एक मात्रा कमी पडते त्याची, पण छान सांगतो." मग माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "कुठली मात्रा हो?"

  मी सांगितलं, सगळं. त्या ऐकत होत्या. शेवटी उठून आत गेल्या आणि आतून एवढंच म्हणाल्या, "मला नका सांगू. ज्यांनी मारलं त्यांना सांगा. ते अजून झुरताहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गावात. गिरणी चालू होती. आबा आता थकलेत, पण छाती आहे. मला बघून गिरणी बंद केली. "आवं प्रेसवाले! साहेब गेलं म्हनं. देवमानूस. ह्या हातानं मोडला म्या त्येंचा हात..." मी त्यांना थांबवलं, आणि पोत्यांमागे मी नेमका कुठे बसलो होतो तिथपासून सांगितलं. आवाज बारीक नाही, मोठा नाही. हात खाली.

ते पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग हातावरचं पीठ धोतराला पुसलं आणि माझ्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी गव्हाच्या पोत्यावर जाऊन पडलो. तोंडात खारट चव आली. कानात सुं सुं. त्या कानानं मला गिरणी, आबा, रस्ता, काहीच ऐकू येईना, आणि मी तिथे पडल्या पडल्या विचार करत होतो, हे असं. हे असं होतं त्याला, इतकी वर्षं.

आबांनीच हात देऊन उठवलं. "बगा," म्हणाले, आणि दाराच्या फळीकडे नेलं. सूचना तिथेच होती. त्यांनी वरून काचेचा तुकडा ठोकलाय, लाजेखातर. पण लाल शाई उन्हानं आधी उडते, काळी टिकते. मला, छापणाऱ्याला, हे कुणी सांगायला नको. मात्रा पार गेलेली. पांढऱ्या कागदावर काळं ठळक, जसं माझ्या यंत्रातून निघालं तसं: भूमिगत वधशाळा.

आबांनी खिळे वाकवून काच काढली. मी खिशातून लाल पेन काढलं आणि मात्रा काढायला लागलो.

"तशी नगं," आबा म्हणाले. म्हणजे तसंच म्हणाले असावेत. मला उजव्या कानानं अर्धवट ऐकू आलं. "त्येंची तिरपी हुती."

मी पेन डाव्या हातात घेतलं.